शाद्लियाची भुवई

ट्यूनिशियातल्या नाबेलच्या बाजारात दोन बायका भांडायला लागल्या आणि एकीने जरा जास्तच ताठा दाखवला, की दुसरी हमखास म्हणते, "एवढी भुवई नको चढवूस, तू काय शाद्लियाची नवरी लागून गेलीस?" मग बघायला जमलेली माणसं हसतात आणि निम्मं भांडण तिथेच संपतं. शाद्लियाने हे स्वतःच्या कानांनी कितीदा तरी ऐकलंय. ऐकलं तरी ती वळून बघत नाही, पण घरी पोचेपर्यंत तिची मान जरा वरच असते.

शाद्लिया साखरेच्या नवऱ्या करते. तिची आई करायची, आईची आई करायची. हिजरी वर्ष बदलतं तेव्हा आमच्या गावात घरोघरी पाय असलेल्या मातीच्या ताटात बदाम, अक्रोड, खजूर, रंगीत मिठाई रचतात आणि मधोमध साखरेची बाहुली उभी करतात. मुलीला नवरी, मुलाला कोंबडा नाहीतर घोडा. साखरपुडा झालेल्या पोरीकडे तर सासरहून नवरी यावीच लागते. नाही आली तर लग्न मोडलं म्हणून गावभर करायला शेजारणी टपलेल्याच असतात. चार दिवस नवरी ताटात मिरवते, मग पोरं तिला फोडून खातात. आधी पाय, मग झगा, सगळ्यात शेवटी डोकं.

साचे सगळ्यांचे जवळपास सारखेच. दोन अर्ध्या भागांचे, प्लास्टरचे, सुतळीने बांधायचे. फरक पडतो तो तोंडात. जिने नवरी रंगवली तिचा हात त्या तोंडावर दिसतो. समोरच्या जाझियाच्या नवऱ्यांचे डोळे बशीएवढे, बघणाऱ्यालाच वाटावं की आपण काही चोरलंय. शाद्लियाची ओळख म्हणजे भुवई. नाकाच्या मुळाशी कुंचला टेकवायचा, श्वास धरायचा आणि एका झटक्यात बाहेर काढायचा. शेवटी टोक असं वर उचललं जायचं की ही आता सासूला उलट उत्तर देणार, अशी खात्रीच व्हावी. गल्लीच्या टोकाला राहणारे तय्यब, सगळे मानाने 'सी तय्यब' म्हणतात ते, रेल्वेतून निवृत्त झालेले मोठे सभ्य गृहस्थ, लग्न झाल्यापासून बायकोसाठी दरवर्षी हीच नवरी नेतात. रंगवून झालेल्या रांगेसमोर वाकून वाकून बघतात, आणि जिची भुवई सगळ्यात चढलेली तीच उचलतात. म्हणतात, "ही आमच्या मनूबियासारखी दिसते."

आता शाद्लियाचा स्वभाव. नाकावर माशी बसू देईल तर शपथ. आणि तिचा सगळ्यात मोठा वैरी कोण, तर प्लॅस्टिक. जाझिया हल्ली नवरीच्या गळ्यात प्लॅस्टिकचे मोती चिकटवते, झग्यावर चमकी मारते आणि वर चकचकीत प्लॅस्टिक गुंडाळते. टुरिस्ट लोक झुंबड करून घेतात. शाद्लिया आपल्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने विचारते, म्हणजे जाझियाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, की पोराच्या दाताखाली मोती आला तर तो सोनाराकडे न्यायचा की दाताच्या डॉक्टरकडे? आणि साखर श्वास घेते, आई सांगून गेलीये. साखरेचं तोंड दाबलं की ती सूड घेते. जाझियाही काही कमी नाही. ती पलीकडून म्हणते, काहींची नवरी वारा खाते आणि मुंग्या तिला खातात.

असं हे वर्षानुवर्षं छान चाललं होतं. आणि मग गेल्या हिवाळ्यात शाद्लियाचा उजवा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा चहाचा पेला सांडला. नवरा हमादी चाकावर बसून ताट ओढत होता, त्याने नुसतं पाहिलं. कुंभार माणूस, हाताचं दुखणं त्याला सांगावं लागत नाही. नवरा-बायको गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे. पण जाणारही नाही. परत येताना शाद्लियाने हमादीला बजावलं, "कुणाला कळलं तर तुझं चाक विहिरीत टाकीन." हमादी म्हणाला, चाक विहिरीत मावणार नाही. तिला हसू आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? हात थरथरतो, वय झालं, सोडून द्यावं. अहो, सोडून द्यावं कसं? ज्या बाईच्या हातावरून गावाने म्हण पाडली, तिचा हातच गेल्यावर उरलं काय? उन्हाळा जवळ आला तशी तिने दार लावून एक नवरी रंगवून पाहिली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास कोंडला, कुंचला टेकवला. भुवई अशी आली जशी डोंगरावरची बकऱ्यांची वाट. तिने ती नवरी उचलून परत कढईत टाकली.

आणि नेमकं याच वर्षी सुनेने मोठी ऑर्डर आणली. सून रीम, मूळची ट्यूनिसची, चटपटीत पोरगी. मुलगा बोटीवर कामाला असतो, त्यामुळे घरात सासू, सून, हमादी आणि छोटी नात सिरीन, एवढीच माणसं. ट्यूनिसच्या एका भेटवस्तूंच्या दुकानाला नवऱ्या हव्या होत्या. साध्यासुध्या नाही, जमवायच्या! म्हणजे गिऱ्हाइकाने दरवर्षी एक घ्यायची आणि कपाटात ओळीने मांडून ठेवायची. दुकानाने सुचवलं, वर वार्निश मारा, म्हणजे जन्मभर टिकतील, आणि पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बंद करून द्या. रीम स्वतः या दोन्हीच्या विरुद्ध होती. शेजारच्या चटया विणणाऱ्यांकडून हल्फा गवताच्या छोट्या टोपल्या करून घेऊ, कागद वापरू, असं तिच्या मनात होतं. पण सासूला विचारल्याशिवाय हो-नाही कशी म्हणणार? सासूबाई आता प्लॅस्टिकवर किमान तासभर बोलणार, या तयारीनेच ती सासूपुढे येऊन बसली.

वार्निशला शाद्लिया कडाडून नाही म्हणाली. जी खाता येत नाही ती नवरी कसली, तो पुतळा. पण प्लॅस्टिकचं नाव निघालं तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, "प्लॅस्टिक चालेल."

रीमला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हमादीने चाक थांबवलं.

"दोन पदर गुंडाळायचं," शाद्लिया पुढे म्हणाली. "आणि वर फीत बांधायची. कपाळावर."

कपाळावर! म्हणजे बरोब्बर जिथे भुवई असते तिथे. रीमच्या काही ध्यानात आलं नाही, तिला उलट बरंच वाटलं की सासूबाई काळाप्रमाणे बदलल्या. हमादीच्या मात्र सगळं ध्यानात आलं. तो रात्री जेवला नाही.

मग सुरू झाली धांदल. साखरेची पोती आली, साचे पाण्यात भिजत पडले, अंगणात चुलीवर तांब्याची कढई चढली. पाक करताना शाद्लियाला बघावं! ती बघत नाहीच पाकाकडे. मान तिरकी करून ऐकते. बुडबुड्यांचा आवाज आधी पावसासारखा असतो, मग जड होतो, मग एक क्षण असा येतो की तो आवाज दाटून येतो. तेवढ्यात लिंबू पिळायचं, ढवळायचं, साच्यात ओतायचं, मोजून चार श्वास थांबायचं आणि उरलेला पाक उलटा काढायचा. साचा उघडला की आत पोकळ, पांढरीशुभ्र नवरी. ओतायला रीमचे हात, ऐकायला शाद्लियाचे कान. ते सगळं झकास झालं. एकही नवरी तडकली नाही.

रंगवायचं काम तिने एकटीने, मागच्या खोलीत, दाराला कडी लावून केलं. जेवायलासुद्धा बाहेर येईना. रंग ओला असतानाच प्लॅस्टिक गुंडाळायची, फीत कपाळावर आवळायची आणि पुढची घ्यायची. हे सगळं कोण करतंय, तर जिने जन्मभर सांगितलं की साखरेला वारा लागतो. तिला ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून माणूस स्वतःला किती दिवस फसवतो, याला काही धरबंध नाही.

दोन दिवस समुद्रावरून दमट वारा सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी रीमने माल नेण्यासाठी मागची खोली उघडली आणि ती दारातच थबकली.

खोलीतल्या सगळ्या नवऱ्या रडत होत्या. प्लॅस्टिकच्या आत घाम धरला होता, काजळ गालांवरून ओघळून गळ्यापर्यंत आलं होतं, ओठांचा लाल रंग झग्यावर सांडला होता. फिती चिकटून बसल्या होत्या. रांगेत उभ्या राहून सगळ्याच्या सगळ्या रडताहेत, जशा एका माहेरातून एकाच दिवशी निघाल्या. रीमने एकीचं प्लॅस्टिक सोडलं, फीत वर केली. भुवईचा अर्धा भाग शिल्लक होता. वाकडातिकडा. तिने दुसरी सोडली, तिसरी सोडली. मग तिला कळलं.

शाद्लिया तिच्या मागे येऊन उभी होती. तिने उजवा हात पुढे केला आणि सुनेला तो थरथरताना बघू दिला.

"मला माहीत होतं असं होणार," ती म्हणाली. "वाटलं, तोवर माल ट्यूनिसला गेलेला असेल. कुणी म्हणालं तर प्लॅस्टिकवर ढकलता येईल."

आणि ती खाली बसून रडायला लागली. कधी न रडणारी बाई रडली की घरातल्यांना कुठे उभं राहावं तेच कळत नाही. हमादी उगाचच दाराची कडी लावत-काढत राहिला. रीमही रडली असती, पण एक तर ऑर्डर डोक्यावर, दुसरं म्हणजे नवं वर्ष आठवड्यावर. ती सासूच्या शेजारी जमिनीवर बसली.

"उम्मी, पाक कुणी केला?"

"मीच."

"मग? हात गेलाय, कान तर शाबूत आहेत ना. उठा. आधी हे प्लॅस्टिक सोडवू, यांना श्वास तरी घेऊ द्या."

दिवसभर घरातल्या सगळ्यांनी तेच केलं. प्लॅस्टिक सोलायचं, मऊ ओल्या फडक्याने रंग पुसायचा, पंख्याखाली उभ्या करायच्या. संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा कोरड्या, कडक झाल्या. अंगणात खाटेवर, पायऱ्यांवर, हमादीच्या फळीवर नुसत्या पांढऱ्या नवऱ्या. डोळे नाहीत, ओठ नाहीत, भुवया नाहीत. शाद्लियाने तिकडे पाठ केली. बिनतोंडाची नवरी घरात असणं चांगलं नाही म्हणतात. ती म्हणाली, उद्या सगळ्या वितळवू, आणि जाझियाला सांगून टाकू की यंदापासून गल्ली तुझी.

आता या सगळ्यात सिरीनकडे कुणाचं लक्ष होतं? सहा वर्षांची पोर. तिने रंगाची वाटी घेतली, काडी घेतली, पायरीवरची एक नवरी मांडीत घेतली आणि ती कामाला लागली. बराच वेळ आवाज नाही म्हणून रीम बघायला गेली तेव्हा नवरी तयार होती. एक डोळा वर, एक खाली. गालांवर टोमॅटोएवढे गोळे. आणि भुवई एकच, या कानापासून त्या कानापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता.

शाद्लियाने ती हातात घेतली. रीमने जीव मुठीत धरला.

"हे कोण गं?"

"आजोबा," सिरीन म्हणाली. "त्यांची भुवई अशीच आहे, आजी. बघ ना."

शाद्लियाने नवऱ्याकडे पाहिलं. हमादीची भुवई खरोखरच या कानापासून त्या कानापर्यंत आहे. इतकी वर्षं संसार केला, तिच्या कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. ती जी हसत सुटली ती पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली. हमादी आधी रागावला, मग आरशात बघून आला आणि तोही हसायला लागला. पोर बिचारी गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिली.

रीमच्या डोक्यात मात्र तेवढ्यात वीज चमकली होती. ती भराभर बोलायला लागली. नवरी अशीच द्यायची, पांढरी! सोबत रंग द्यायचे, आणि ज्याची नवरी त्याने तोंड काढायचं. मुलं काढतील, आया काढतील. प्लॅस्टिक नको, वार्निश नको. हल्फाची टोपली, आत हल्फाचाच भुसा, रंग कागदाच्या पुड्यांत, कुंचला म्हणून हल्फाची काडी टोकाला ठेचून. काही म्हणजे काहीच फेकायचं नाही, जे आहे ते खायचं नाहीतर चुलीत घालायचं.

"आणि जमवणाऱ्यांनी काय जमवायचं?" हमादीने विचारलं. "पोरं तर नवरी खाऊन टाकणार."

यावर मात्र शाद्लियाच बोलली. "तुझं ताट," ती म्हणाली. "नवरी खायची, ताट ठेवायचं. हाताएवढं छोटं ताट कर, टोपलीत बसेल असं. यंदा त्यावर मासा काढ. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी. ज्याला ओळ लावायची त्याने मातीची लावावी, साखरेची कशाला?"

हमादी तिथेच उठला आणि माती मळायला गेला.

एकच गोष्ट शाद्लियाला पटेना. बिनतोंडाची नवरी उंबऱ्याबाहेर जायची, हे काही तिला सोसवेना. शेवटी तिने युक्ती काढली. आमच्याकडे लग्नात नवरीच्या हनुवटीवर हर्कूसचा काळा ठिपका देतात. तिने काळ्या रंगात करंगळीचं टोक बुडवलं आणि एका नवरीच्या हनुवटीवर टेकवलं. हात थरथरत होता, पण ठिपक्याला काय करायचंय थरथरून? टेकला की झाला. तिने दुसरी घेतली, तिसरी घेतली. चेहऱ्यावर माझं एवढं असलं म्हणजे पुरे, बाकीचं तुमचं, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. त्या आठवड्यात त्या घरात जो उत्साह होता, काय सांगू! बीट किसून लाल रंग, हळदीचा पिवळा, पुड्या बांधायला गल्लीतल्या बायका, टोपल्या विणायला चटईवाले, भट्टी पेटलेली, मासेच मासे काढलेली ताटं वाळत पडलेली. ट्यूनिसच्या दुकानाला रीमने फोन करून स्पष्ट सांगितलं. ते कुरकुरले, म्हणाले थोड्याच पाठवा, बघू.

एवढं सगळं झालं तरी हाताचं गुपित घराबाहेर गेलं नव्हतं. गल्लीला सांगितलं होतं की ही नवी कल्पना आहे, सुनेची. शाद्लियाला तेवढी अब्रू राखायची होती आणि घरातल्यांनीही तिला राखू दिली.

मग जत्रेचा दिवस उजाडला. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी बाजारपेठेत नवऱ्यांच्या दुकानांची रांग लागते. आणि नशिबाची थट्टा बघा, शाद्लियाची फळी आणि जाझियाची फळी शेजारी-शेजारी. जाझियाच्या नवऱ्या उन्हात चमचम करताहेत, बशीएवढ्या डोळ्यांनी बघताहेत. शाद्लियाच्या पांढऱ्या. लोक यायचे, बघायचे, गोंधळायचे. रीमने फळीपुढे चटई टाकली आणि सिरीनला मध्ये बसवून रंगवायला लावलं. आधी एक पोर बसली, मग चार, मग चटईवर जागा उरली नाही. एकीच्या नवरीला चष्मा, एकाच्या घोड्याला मिशा. आया म्हणायच्या, आवर आता, निघू या, आणि स्वतःच काडी हातात घेऊन बसायच्या. गर्दी बघून आणखी गर्दी. टोपल्या हां हां म्हणता जायला लागल्या. जाझियाला हे बघवेना.

"का गं शाद्लिया," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "यंदा तोंडं काढायला वेळ नाही झाला वाटतं? का भुवई उतरली?"

लोक हसले. शाद्लियाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गर्दीतून सी तय्यब आले. पांढरा सदरा, लाल शेशिया टोपी, हातात काठी. त्यांनी वाकून रांग पाहिली. पुन्हा पाहिली. चष्मा काढून पुसला.

"लल्ला शाद्लिया," ते नेहमीच्या अदबीने म्हणाले, "भुवई कुठे आहे?"

रीम घाईघाईने टोपली दाखवायला पुढे झाली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. म्हणाले, छान आहे, पोरांसाठी फार छान आहे. पण मनूबियाला गेल्या महिन्यापासून बरं नाही, ती अंथरुणावरून सारखी विचारते की आली का नवरी. "एकीलाच काढून द्या तुमची भुवई," ते म्हणाले. "एका झटक्याचं तर काम. मी थांबतो."

फळीभोवतीचे सगळे शाद्लियाकडे बघायला लागले. जाझियाही बघत होती. रीमच्या हातातली काडी तिथेच राहिली. तिच्या मनात आलं, आता काहीतरी निमित्त सांगावं, रंग संपला म्हणावं. पण शाद्लियाने तिला बाजूला सारलं आणि उजवा हात फळीवरून सी तय्यबांसमोर धरला, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत. हात थरथरत होता आणि तिने तो लपवला नाही.

"ही बघा भुवई," ती म्हणाली. "हिवाळ्यात गेली. माझ्याच्याने आता होत नाही, सी तय्यब. मी काढली तर मनूबिया घाबरेल. तुम्ही काढा."

"मी?" म्हातारा दचकला. "मी उभ्या आयुष्यात तिकिटाला भोक पाडण्यापलीकडे काही केलं नाही."

"बायकोचा चेहरा तर पाहिलाय ना? मग काढा."

तिने त्यांना स्टुलावर बसवलं, नवरी हातात दिली, काडी बुडवून दिली. त्यांनी डोळे काढले, थांबले. ओठ काढले, थांबले. घाम पुसला. मग भुवईपाशी आले आणि श्वास धरला. पोरं रंगवायची थांबून बघायला लागली. भुवई चढली नाही. निघाली, जरा अडखळली, आणि शेवटाला हळूच खाली झुकली. त्यांनी नवरी दूर धरून पाहिली.

"तशी नाही आली," ते म्हणाले. "पण अशीच आहे ती." आणि टोपली छातीशी धरून निघून गेले.

गर्दी पुन्हा बोलायला लागली. जाझिया आपली फळी सोडून शाद्लियाजवळ आली. तिचा आवाज जरा उतरलेला होता.

"हिवाळ्यापासून? मग मला का नाही सांगितलंस? मी काढून दिल्या असत्या तुझ्या भुवया."

"म्हणूनच नाही सांगितलं," शाद्लिया म्हणाली. "तुझे डोळे नि माझी भुवई? नवरी म्हणजे काय घुबड करायचंय?"

जाझियाने तिला एक धपाटा घातला आणि आपल्या फळीकडे परत गेली. संध्याकाळी टोपल्या संपल्या तरी पोरं चटईवरून उठत नव्हती, तेव्हा तिनेच आपले चार-पाच न रंगवलेले कोंबडे आणून चटईवर ठेवले, आणि "पाहुणे आलेत म्हणून देतेय, सवय करून घेऊ नका" असं बजावून गेली.

त्या रात्री शाद्लियाच्या घरी वाळवलेलं मटण घालून रव्याचा कुसकुस झाला, अंडी झाली, आणि ताटाच्या मधोमध सिरीनची एकभुवई नवरी उभी राहिली. हमादी म्हणाला, माझ्यासमोर मला खाणार का तुम्ही? सगळ्यात आधी त्यानेच पाय मोडला.

सणानंतर काही दिवसांनी दुपारच्या वेळी दार वाजलं. शाद्लियाने उघडलं तर मनूबिया. अंगावर पांढरी सफसारी गुंडाळलेली, चेहरा सुकलेला, एका हाताने भिंतीला धरलेलं. नवऱ्याला न सांगता आली होती. शाद्लियाने तिला धरून आत आणलं, उशी दिली, पाणी दिलं. मनात म्हणाली, झालं, बाई तक्रार करायला आली. आजारपणात उठून आली म्हणजे तक्रार मोठीच असणार.

मनूबियाने सफसारीतून हमादीचं छोटं ताट काढलं, धुऊन-पुसून लखलखीत केलेलं, आणि मांडीवर ठेवलं.

"नवरी खाल्ली," ती म्हणाली. "सगळी. भुवई शेवटी ठेवली होती."

शाद्लिया पाण्याचा तांब्या बाजूला सारून तिच्यासमोर बसली.

"लग्न झाल्यापासून दरवर्षी तुझी भुवई खात आले गं मी. दरवर्षी ते म्हणायचे, तुझ्यासारखी दिसते. मी मनात म्हणायची, कुठे दिसते? माझी भुवई कधी चढली होती? या माणसाने मला नीट पाहिलंय तरी का?" तिने ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. "यंदाची बघितली आणि कळलं. पाहिलंय."

शाद्लियाचा हात मांडीवर थरथरत होता, मनूबियाने त्यावर आपला ठेवला. मग ती उठली, ताट पुन्हा सफसारीत घेतलं आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

"हमादीला सांग, पुढच्या वर्षी मासा नको," ती म्हणाली. "डाळिंब काढ म्हणावं. आणि आमच्या घरी दोन टोपल्या लागतील. मलाही एक तोंड काढायचंय."